पावती

मंगळवारी पायांचा व्यायाम.
गुरुवारी कमोडवर बसताना
दोन्ही हातांनी बेसिन धरावं लागलं,
आणि मी, वय वर्षं एकावन्न,
तिथं एकटीच हसले.
झालं म्हणायचं काहीतरी.

अप्पा बळवंत चौकापाशी, लग्नपत्रिकांच्या दुकानावर
आमची जिम. जिन्यात कोऱ्या पाकिटांचा वास.
निकिता भिलारे शिकवते, वय चोवीस,
सगळ्यांना काकू म्हणते, माझ्याहून थोरलीलाही, धाकटीलाही.
तिच्याकडे दोनशे पानी वही आहे,
तिच्यात माझ्या नावाखाली आकडे:
वीस किलो, आठ वेळा. बावीस, आठ.
बावीस, सहा. पुढे कंसात: उपास.

पतसंस्थेचा जिना मी कठडा धरून उतरायचे,
कोणी बघत असलं तर जरा जास्तच लंगडायचे.
सातपुते साहेब म्हणाले, काय हो, पडलात?
म्हटलं, नाही, वजनं उचलते.
वजनं या शब्दावर मी थोडा वेळ थांबले.

मग सहाव्या आठवड्यात
दुखणं यायचं बंद झालं.
उठले, सरळ उभी राहिले.
मांडी दाबून पाहिली, दंड दाबून पाहिले,
रिक्षात बसल्यावर पर्स चाचपतात तसे.
कुठंच काही नाही.
महिन्याचे बाराशे रुपये गेले कुठं?

निकिताला म्हटलं, हल्ली दुखतच नाही गं,
लागू पडत नाही की काय?
ती म्हणाली, काकू, पर्वती चढलात कधी?
चढलेय की.
दुसऱ्या दिवशी जे दुखतं ना,
ते चढण्यापेक्षा उतरण्याचं जास्त.
आणि रोज जाणाऱ्या आजोबांचं दुखतं का?
नाही. मग त्यांचे पाय फुकट गेले?
नवीन काही केलं की अंग ओरडतं.
सवय झाली की गप्प बसतं, कामाला लागतं.
वहीवर टिचकी मारली: हे बघा.
बघितलं. बत्तीस.
आकड्यांत आयुष्य गेलं माझं,
तरी खरं सांगायचं तर पटलं नाही.

पटणार कसं.
आमच्याकडे सगळं दुखण्यावर मोजायचे.
आई फराळाचं करून रात्री भिंतीला टेकायची,
कंबर गेली म्हणायची,
आणि चेहऱ्यावर असं समाधान
की चकली मऊ पडली तरी कोणी बोलायचं नाही.
पुढे माझं बाळंतपण आणि जावेचं,
दोन्ही तासांवर तोलली गेली.
मी हरले. चारच तास.
अजूनही कोणीतरी म्हणतं, हिचं काय, सोपं झालं.

शनिवारी मंडईत गेले.
परत येते तो माझ्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी
गाड्या अशा भिडलेल्या की मधून काडी जाऊ नये.
एरवी मी उभी राहते,
पिशवी या हातातून त्या हातात करत,
कोणी दादा दिसेपर्यंत.
त्या दिवशी सुरण होता, अळू होतं,
पडवळ पिशवीबाहेर डोकावत होतं.
पिशवी पुढं अडकवली. सीटमागचा दांडा धरला,
गुडघे वाकवले, पाठ सरळ, श्वास,
आणि मागचं चाक उचलून
वीतभर बाजूला ठेवलं.
मग आणखी वीतभर.
पार्किंगवाला तंबाखू मळायचा थांबला.
पैसे मात्र पुरते घेतले.

गाडी पुलावर आल्यावर लक्षात आलं
मी काय केलं ते.

रविवारी जाग आली.
पडल्या पडल्या वाट पाहिली,
खांद्यात, कमरेत, पोटऱ्यांत.
कोणी आलं नाही.
काउंटरच्या काचेमागून बावीस वर्षं
लोकांना सांगत आलेय मी:
आजोबा, ही नुसती पावती,
शिल्लक पासबुकात बघा.

उठले. चहा टाकला.
साखरेचा डबा काढताना डाव्या दंडात
अगदी बारीकसं काहीतरी ठसठसलं
आणि मला बरं वाटलं.
हे काही मी निकिताला सांगणार नाही.